साल काढावी की ठेवावी?

दोडक्याच्या शिरांची चटणी आपल्या सातारा-सांगलीकडे घरोघरी होते. आपल्या आया-आज्यांनी साल वाया घालवली नाही. त्यात काटकसर होती, तशी चवही होती. आता मात्र कुणी सांगते, ‘सालीत सत्त्व असते, सोलू नका.’ कुणी म्हणते, ‘सालीवर औषध असते, सोलल्याशिवाय खाऊ नका.’ ऐकावे कुणाचे?

दोन्हींत तथ्य आहे. सालीत चोथा असतो, तो पोटाला हवाच. फवारणीचा बराच अंशही सालीवरच राहतो. पण काही औषधे आंतरप्रवाही असतात. ती झाडाच्या रसातून आत शिरतात आणि सोलल्याने जात नाहीत.

आणि जे सोलताच येत नाही त्याचे काय? तासगावची द्राक्षे, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी कोण सोलणार? २००३ साली नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मिथोमिल या कीटकनाशकाचा अंश सापडला. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे युरोपने आपली द्राक्षे अडवली. आज युरोपला जाणारा माल तपासूनच जातो. पण त्याच बागेत विरळणीला राबणाऱ्या बाईच्या मुलाच्या हातातला घड कुणी तपासलेला असतो का?

म्हणून आपली काळजी आपणच घ्यायची. त्याला फार खर्चही नाही.

फळे-भाज्या आधी वाहत्या पाण्याखाली चोळून धुवाव्यात, मग सोलाव्यात. न धुता सोलले तर सुरीबरोबर घाण आत जाते. कलिंगडही धुऊनच कापावे.

२०१७ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांवर प्रयोग झाला. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन लहान चमचे, खाण्याचा सोडा घालून १२ ते १५ मिनिटे ठेवल्यावर वरची दोन औषधे निघून गेली. मात्र एका औषधाचा सुमारे २० टक्के अंश आत मुरलेला होता. द्राक्षांनाही हा उपाय करून पाहावा. नंतर साध्या पाण्याने धुवावे.

गाजर, काकडी घासून धुतली तर सालीसकट खाता येते. मेण लावलेले चकचकीत सफरचंद सोललेले बरे. बटाटा सालीसकट उकडला तर त्यातले ‘क’ जीवनसत्त्व कमी वाया जाते. पण हिरवा पडलेला बटाटा खाऊ नये. त्यातले सोलॅनिन हे विष उकडूनही जात नाही. हिरवेपणा थोडाच असेल तर तो भाग आणि कोंब खोलवर कापून टाकावेत.

आणि एक सांगणे. बागेतून पदरात बांधून आणलेले मणी घरी येताच मुलांच्या हाती देऊ नका. शेवटची फवारणी कधी झाली, औषधाच्या डब्यावर लिहिलेले दिवस उलटले का, हे मालकाला विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. ज्या हातांनी तो घड वाढवला, त्या हातांना एवढे विचारण्याचा हक्क नक्कीच आहे.