नगरपरिषदेआधीचं शहर

नाशिक सोडून धुळ्याच्या वाटेला लागलं, की आडगाव, ओझर मागे पडतं आणि तीसेक किलोमीटरवर पिंपळगाव बसवंत येतं. हायवेच्या दोन्ही अंगांना ट्रॅक्टरची शोरूम, औषध-खतांची दुकानं, दवाखाने, बँका, क्लासेस. कुणीही याला शहरच म्हणेल. तरी अगदी परवापरवापर्यंत इथला कारभार ग्रामपंचायत पाहत होती. हे असं का, हा प्रश्न माझ्या डोक्यात कित्येक वर्षं घर करून होता.

२०११च्या जनगणनेत इथली वस्ती चाळीस हजारांवर गेली आणि जनगणना खात्याने पिंपळगाव शहरांच्या यादीत घातलं. त्या खात्याचे निकष तीन: लोकसंख्या किमान पाच हजार, चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसं आणि कामकरी पुरुषांपैकी किमान पंचाहत्तर टक्के शेतीबाहेरच्या कामात. पण जनगणनेच्या यादीत नाव आलं म्हणून राज्याच्या दप्तरी नगरपरिषद मिळत नाही. गावाला १९५८चा ग्रामपंचायत कायदाच लागू होता, आणि त्यानुसार सदस्य जास्तीत जास्त सतरा. चाळीस हजारांचं सांडपाणी, कचरा, नळपाणी आणि बांधकामं सतरा जणांच्या गळ्यात. दरम्यान तालुक्याची ठाणी असलेल्या गावांना नगरपंचायती देण्याचं राज्याने ठरवलं आणि पिंपळगावपेक्षा कितीतरी लहान असलेलं निफाड पुढे गेलं. तहसील कचेरी निफाडला आहे, एवढ्या एका कारणाने. हा अन्याय होता असं मला स्पष्ट वाटतं.

पण पिंपळगावने त्यासाठी कुणाची वाट पाहिली नाही. गावाचं खरं सार्वजनिक आयुष्य ग्रामपंचायतीच्या कचेरीत नव्हतंच, ते बाजार समितीच्या आवारात होतं. शेजारचं लासलगाव रेल्वेने मोठं केलं. पिंपळगावला रेल्वे नाही. त्याला मुंबई-आग्रा रस्त्याने वाढवलं. सकाळी आवारात कांद्याच्या ट्रॉल्या ओळीने लागतात. लिलाव पुकारणारा आणि त्याच्यामागे व्यापाऱ्यांचा घोळका ट्रॉलीमागून ट्रॉली पुढे सरकतो. कुणी हात खोल घालून खालचा कांदा वर काढतो, पत्ती चोळून पाहतो, गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, किती निघेल याचा अंदाज घेतो. दोन-तीन मिनिटांत क्विंटलचा भाव फुटतो आणि चिठ्ठी शेतकऱ्याच्या हातात पडते. मग भुईकाटा, मग व्यापाऱ्याचं खळं. चार महिन्यांच्या कष्टांचा निकाल तेवढ्या दोन-तीन मिनिटांत लागतो. ऑगस्टपासून टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की पिकअप गाड्यांची रांग लागते. तिथे हिशेब वीस किलोच्या जाळीवर.

महाराष्ट्राच्या राजकारणाला हादरा देणारं आंदोलनही इथूनच उभं राहिलं. शेतकरी संघटनेचे शरद जोशी आणि त्यांचं चाकणचं कांदा आंदोलन सर्वांना ठाऊक आहे. माधवराव खंडेराव मोरे हे नाव मात्र नाशिक जिल्ह्याबाहेर फारसं कुणी घेत नाही. मोरे पिंपळगावचे. बोलणं रांगडं, आडपडदा नाही, आणि सभा हातात धरून ठेवण्याची ताकद मोठी. चाकणची झळ नाशिकपर्यंत आणण्यात त्यांचा आणि निफाडच्या प्रल्हाद कराड पाटलांचा वाटा फार मोठा. जोशींकडे अर्थशास्त्राची मांडणी होती. ती बांधावरच्या माणसाच्या तोंडी बसवली ती मोऱ्यांसारख्यांनी. चाकणला प्रश्न कांद्याचा होता. नाशिकला त्याला उसाची जोड मिळाली आणि लढ्याची ताकद एकदम वाढली, कारण निफाड तालुक्यातल्या शेतकऱ्याकडे दोन्ही पिकं होती.

१० नोव्हेंबर १९८० रोजी कांदा आणि ऊस उत्पादक रस्त्यावर उतरले. उसाला टनामागे तीनशे रुपये आणि कांद्याला परवडेल असा भाव, ही मागणी. मुंबई-आग्रा रस्ता ठप्प झाला, गाड्या अडल्या. ज्या रस्त्याने माल मुंबईला जायचा, तोच अडवला की मुंबईला शेतकरी दिसतो, हे हायवेवरच्या गावाला कुणी शिकवावं लागलं नाही. हजारोंना अटक झाली, जोशीही तुरुंगात गेले. मनमाडच्या लोहमार्गावर खेरवाडीला पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात शेतकऱ्यांचे जीव गेले. सरकारला बोलणी करावी लागली. मागण्यांवर वाद पुढेही चालले, पण शेतीमालाच्या भावाचा प्रश्न त्यानंतर कुठल्याही पक्षाला टाळता आला नाही.

याच मोऱ्यांचं दुसरं काम तर आणखी विस्मरणात गेलं आहे. द्राक्षं इकडे जुनीच. ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाडांनी १९२५च्या सुमारास बाग लावली होती. पण भाव पडला की द्राक्ष ठेवता येत नाही. त्यातून ऐंशीच्या दशकात मोऱ्यांच्या पुढाकाराने पिंपळगावात शॅम्पेनच्या धर्तीची वाइन करण्याचा सहकारी प्रकल्प उभा राहिला. नाव ‘पिंपेन’. प्रकल्प टिकला नाही. राज्याचं द्राक्षप्रक्रिया धोरण यायला २००१ उजाडलं. आज नाशिकच्या वाइनचं कौतुक करणाऱ्या माहितीपत्रकांत पिंपेनला निदान एक ओळ हवी. भाव मागायचा आणि मालावर प्रक्रियाही आपणच करायची, हे दोन्ही विचार एकाच माणसाने, एकाच गावात करून पाहिले.

रस्त्यावरच्या गावाचं वजन नेत्यांना कळतं. १५ मे २०२४ रोजी पंतप्रधानांची प्रचारसभा पिंपळगावातच झाली. डिसेंबर २०२३मध्ये घातलेली कांदा निर्यातबंदी सभेच्या जेमतेम दहा-बारा दिवस आधी उठली होती. सभेत कांद्याच्या घोषणा झाल्याच. पुढे पिंपळगाव ज्यात येतं त्या दिंडोरी लोकसभा मतदारसंघात सत्ताधारी पक्षाच्या केंद्रीय राज्यमंत्री हरल्या आणि भास्कर भगरे हे शिक्षक निवडून आले.

अखेर पिंपळगावला नगरपरिषद मिळाली आणि २०२५च्या डिसेंबरात तिची पहिली निवडणूक झाली. नव्या नगरसेवकांसमोर आता पाराशरी नदीत जाणारं सांडपाणी आहे, हंगामात ट्रॉल्यांनी तुंबणारे रस्ते आहेत आणि नगरपरिषदेच्या दराने घरपट्टी भरावी लागेल म्हणून धास्तावलेला मळ्यातला शेतकरी आहे. त्याची धास्ती रास्त आहे. त्याच्या वस्तीपर्यंत पाणी, गटार आणि दिवा पोचल्याशिवाय शहराच्या दराची पावती त्याच्या हाती देऊ नये.