एक काम, एक शाखा : ओपन सोर्समध्ये पहिले पाऊल टाकताना

पाली सुत्ते आणि त्यांचे अनुवाद मोफत देणारे ‘सुत्तसेंट्रल’ आपल्यातले अनेक जण वाचतात. त्याचा मजकूर गिटहबवर खुला आहे. तिथे अनुवादासाठी दोन ब्रँच, म्हणजे शाखा आहेत : ‘अनपब्लिश्ड’ आणि ‘पब्लिश्ड’. चालू काम पहिलीत राहते, प्रसिद्धीला तयार झाले की दुसरीत जाते.

अहिल्यानगर जिल्ह्यात तरुणांसोबत काम करताना आम्हाला दिसते, की शेवगाव, राहुरीकडची मुले कोड लिहायला शिकतात, पण या शाखांपाशी अडतात. (महासभेच्या गावशाखा मात्र त्यांना पाठ असतात!)

पद्धत अशी : प्रकल्पाची प्रत आपल्या खात्यावर घ्यायची, म्हणजे फोर्क. ती संगणकावर उतरवायची, म्हणजे क्लोन. त्यातली मुख्य शाखा बहुधा ‘मेन’ नावाची असते. तिला हात लावायचा नाही. प्रत्येक कामासाठी ‘गिट स्विच -सी’ आणि पुढे नाव देऊन नवी शाखा काढायची. कमांड अर्थात इंग्रजीतच टाइप करायची. शाखा म्हणजे सगळ्या फाइलींची दुसरी प्रत नव्हे, ती एका कमिटकडे बोट दाखवणारी खूण असते. त्यामुळे दहा शाखा काढल्या तरी जागा अडत नाही. बदल कमिट करून पुश करायचे आणि मूळ प्रकल्पाला पुल रिक्वेस्ट पाठवायची.

ही रिक्वेस्ट म्हणजे दुरुस्तीची सूचनाच. बाबासाहेबांनी संविधान सभेत सांगितले होते, की मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. त्या सुट्या सुट्या होत्या, म्हणून एक फेटाळली तरी दुसरीचा विचार होऊ शकत होता.

इथेच मुले फसतात. रिक्वेस्ट पाठवल्यावर त्याच शाखेत पुढचे काम पुश केले, तर तेही आपोआप त्याच रिक्वेस्टमध्ये शिरते. एका शब्दाच्या दुरुस्तीसोबत अर्धवट नवे फीचर आले, की तपासणारा ती परत पाठवतो. मुलाला वाटते, आपल्याला डावलले. आपल्या मुलांना ही शंका उगाच येत नाही, बाहेरचा अनुभवच तसा आहे. तरी आधी शाखा तपासावी.

पुढचे काम घेताना ‘मेन’वर परत यावे, मूळ प्रकल्पातले ताजे बदल ओढून घ्यावेत आणि मगच नवी शाखा काढावी. दोघांनी एकच ओळ बदलली असेल तर कॉन्फ्लिक्ट येतो. गिट दोन्ही ओळी खुणा करून दाखवते, कोणती ठेवायची ते माणसाने ठरवायचे.

सुरुवात सूचना-फाइलमधल्या एखाद्या चुकीच्या शब्दापासूनही करता येते. कमिटवर करणाऱ्याचे नाव आणि तारीख राहते, नोकरीच्या मुलाखतीत ते दाखवता येते.