नाशिकला निघताना गोळ्यांचे वेळापत्रक आधी

चांदूर रेल्वेत घरातले कोणी गेले, की तिसऱ्या दिवशी राख सावडली जाते आणि त्याच संध्याकाळी नाशिकचा विषय निघतो. काही कुटुंबे कौंडण्यपूरला वर्धा नदीवर विधी उरकतात. पण अस्थी रामकुंडातच, असा आग्रह धरणारी घरेही पुष्कळ आहेत. नाशिक रोड हे स्टेशन याच मुंबई मार्गावरचे. चांदूरला थांबणारी सोयीची गाडी नसेल तर बडनेरा गाठायचे, रात्रभर प्रवास करायचा, सकाळी रामकुंडावर विधी, दुपारी काळाराम, दुसऱ्या दिवशी त्र्यंबकेश्वर आणि रात्री परतीची गाडी. एका बाजूने सुमारे पाचशे किलोमीटर. कागदावर हा बेत सुटसुटीत दिसतो. त्यात फक्त एका गोष्टीची नोंद नसते, ती म्हणजे बरोबर येणाऱ्यांच्या गोळ्या, जेवण आणि झोप.

या प्रवासाला निघणारी माणसे हौसेने निघालेली नसतात. अग्नी देणारा थोरला मुलगा पन्नाशी ओलांडलेला, बऱ्याचदा मधुमेही. आई सत्तरीची, रक्तदाबाची. चार-पाच रात्री दोघांचीही झोप झालेली नसते, जेवण अर्धपोटी असते, घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची रीघ असते. अशा दिवसांत गोळ्यांचा डबा कोणाच्या लक्षात राहत नाही. नदीच्या पाण्याने आजारी पडू ही भीती सगळ्यांना असते आणि ती खोटी नाही. पण दोन दिवसांच्या यात्रेत वयस्क माणसाला आडवे करते ती बहुतेक वेळा मोडलेली दिनचर्या. म्हणून दर्शनाच्या वेळांआधी गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहाव्यात.

सर्वांत जास्त जपायचे ते मधुमेहींनी. विधी होईपर्यंत तोंडात पाणीही घ्यायचे नाही, असे मुलगा ठरवतो, पण सवयीने सकाळची गोळी मात्र घेतो. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न असो वा नसो, ती आपले काम करते. अकराच्या सुमारास घाटावर त्याला दरदरून घाम येतो, हात थरथरतात, तो काहीबाही बोलू लागतो. नातेवाईक म्हणतात, दुःखाने भोवळ आली. प्रत्यक्षात साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेलेली असते. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी, पंधरा मिनिटे थांबावे, फरक नसेल तर पुन्हा द्यावी. आणि बरे वाटले की लगेच पोळी-भाजी किंवा बिस्किटे खायला द्यावीत. पेढा देऊ नये असे नाही, पण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला उशीर लागतो. नुसती साखर अधिक कामाची. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करावा.

उपाशी राहायचेच असेल तर सकाळची कोणती गोळी टाळायची, कोणती घ्यायची, हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा धोकादायक उतरत नाही. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असेल तर उपवास आणि कमी पाणी एकत्र आल्यावर रक्तात आम्ल वाढू शकते, हे मात्र फारसे कोणाला माहीत नसते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी नेहमीचा पूर्ण डोस मारून उपाशी राहू नये आणि डोस आपल्या मनाने बंदही करू नये. विधी सांगणाऱ्या गुरुजींना आधी सांगितले तर चहा-फराळाला ते सहसा हरकत घेत नाहीत. शास्त्रातही आजाऱ्याला सवलत आहे. अडते ते बहुधा घरातल्या एखाद्या कडक काकूंपाशी.

इन्सुलिनची वापरातली कुपी किंवा पेन साधारण चार आठवडे बाहेर टिकते, पण ३० अंशांच्या आतच. एप्रिल-मे महिन्यात अकोला-भुसावळ पट्ट्यात दुपारचा स्लीपर डबा चाळिशीच्या वर जातो. पेन ओल्या सुती रुमालात गुंडाळून हवेशीर पिशवीत ठेवावे. बर्फात थेट ठेवले तर औषध गोठते आणि गोठलेले इन्सुलिन निकामी होते. बॅग सीटखाली लोटून गप्पा मारत बसणाऱ्याच्या हाती ती देऊ नये.

रक्तदाबाच्या आजींचा प्रश्न वेगळा. गाडीतल्या शौचालयाची धास्ती आणि पंचवटीत सोय कुठे आहे याची कल्पना नसणे, यामुळे बायका आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद करतात. लघवीची गोळी तर त्या हमखास चुकवतात. घरात कोणी विचारत नाही आणि त्या सांगत नाहीत. पाणी कमी झाल्यावर उन्हात रांगेत उभे राहिले की चक्कर येते, दोन दिवसांनी लघवीला जळजळ सुरू होते, आणि हृदय अशक्त असलेल्या बाईला गोळी चुकल्यामुळे परतीच्या गाडीत धाप लागते. उपाय साधा आहे. लघवीची गोळी प्रवासाच्या दिवशी कोणत्या वेळी घ्यायची ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. नाशिकला उतरल्यावर आधी धर्मशाळेत किंवा लॉजवर एक खोली घ्यावी, मग घाटावर जावे. दिवसभरासाठी चारशे-पाचशे रुपये वाचवायला घाटावरच तयार होणारी कुटुंबे या बचतीची किंमत आजींकडून वसूल करतात. मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकाएकी बंद करणेही बरे नव्हे. त्याने नाडी आणि रक्तदाब उसळतो, छातीत दुखू लागते.

बुडी मारण्याबद्दल. थंडीच्या पहाटे गार पाण्यात एकदम उतरले की कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि हृदयावर अचानक भार येतो. ज्यांना अलीकडे हृदयविकाराचा झटका आला आहे किंवा नुकतीच अँजिओप्लास्टी झाली आहे, त्यांनी उन्हे आल्यावर पायरीवर बसून आधी पाय, मग हात, मग डोक्यावर तांब्याभर पाणी घ्यावे. तेवढ्यानेही स्नान होते. पायऱ्यांवर शेवाळ असते. खुब्याचे हाड मोडायला एक पायरी पुरते. फिट येणाऱ्या माणसाने मात्र पाण्यात उतरूच नये, मग तो कितीही तरणाबांड असो. रात्रीचे जागरण आणि चुकलेली गोळी ही फिट येण्याची दोन नेमकी कारणे, आणि या प्रवासात ती दोन्ही एकत्र येतात. कमरेएवढ्या पाण्यातही फिट आलेला माणूस बुडतो, आणि गर्दीत ते कोणाच्या लक्षात येत नाही.

क्षौर करताना नवे ब्लेड आपल्यासमोर उघडून लावायला सांगावे. कावीळ ब आणि क यांचे विषाणू अदृश्य रक्ताच्या थेंबातूनही पसरतात. ब्लेडचे पाकीट घरूनच न्यावे, म्हणजे घाटावर वाद नको. आणि पाय. मधुमेहाने ज्यांच्या तळव्यांची जाणीव गेली आहे, त्यांना दुपारचा तापलेला दगड कळत नाही. देवळाच्या रांगेतून बाहेर आल्यावर तळव्याला फोड दिसतो, घरी आल्यावर तो चिघळतो आणि एखाद्याचे बोट कापण्यापर्यंत पाळी येते. जाड सुती मोजे घालून रांगेत उभे राहायला कोणी अडवत नाही. रात्री झोपण्याआधी तळवे उजेडात बघावेत. स्वतःला दिसत नसतील तर सुनेने बघावेत.

आता पाण्याकडे येऊ, कारण प्रश्न येतोच की, गोदावरी तर तीर्थ आहे, तिचे पाणी बाधेल कसे? या श्रद्धेला विज्ञानात एक जुना धागा आहे. आग्र्यात काम करणारे जीवाणुशास्त्रज्ञ अर्नेस्ट हँकिन यांनी १८९६ मध्ये लिहिले की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मारणारे काहीतरी आहे, आणि पाणी उकळले की तो गुण जातो. पुढे १९१७ मध्ये फेलिक्स देरेल यांनी जीवाणूंना खाऊन टाकणाऱ्या अशा विषाणूंना बॅक्टेरिओफाज हे नाव दिले. ते नद्यांमध्ये आजही आहेत. पण एक फाज एखाद्याच जातीच्या जंतूला मारतो. काविळीचा विषाणू, अमिबा किंवा कारखान्याचे सांडपाणी यांच्यापुढे त्याचे काही चालत नाही. नदी स्वतःला शुद्ध करते, पण तिला वाहते पाणी आणि वेळ मिळाला तर.

मोजमापातही हा फरक आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषात स्नानाच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे विष्ठेतल्या कोलिफॉर्म जंतूंची संख्या ५०० च्या आत असणे चांगले आणि २,५०० ही कमाल मर्यादा. पिण्याच्या पाण्यात मात्र ती शून्य हवी. म्हणजे स्नानाला चाललेले पाणी प्यायला चालेलच असे नाही. तीर्थ ओठाला लावावे, डोळ्यांना लावावे, गिळू नये. बाटलीत भरून आणलेले पाणी देवघरात ठेवावे, नातवंडांना पाजू नये. पिण्यासाठी सीलबंद बाटली किंवा घरून उकळून नेलेले पाणी. शिदोरीला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी उत्तम. ओली भाजी सकाळी बांधलेली असेल तर संध्याकाळी टाकून द्यावी. सालासकट नेता येणारे फळ सर्वांत सुरक्षित, आणि संत्र्यांचा तोटा या भागाला नाही. जलसंजीवनीची चार पाकिटे बरोबर असावीत.

त्र्यंबकला मंदिर आणि कुशावर्त पुरे. ब्रह्मगिरी चढायला गुडघे आणि छाती दोन्ही हवेत. ज्याला घरचा जिना चढताना दम लागतो, त्याने गाडीत बसून डोंगराला नमस्कार करावा.

नाशिकचा सिंहस्थ २०२७ मध्ये आहे. त्या पर्वणीच्या दिवशीच अस्थी न्यायचा हट्ट म्हातारी माणसे धरतील. तो मोडून काढावा. २७ ऑगस्ट २००३ ला नाशिकच्या सिंहस्थातल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले. अशा गर्दीत माणसे पायाखाली येऊनच मरतात असे नाही. चारी बाजूंनी छाती दाबली जाते, श्वास आत घेता येत नाही आणि उभ्या उभ्याच माणूस गुदमरतो. त्यातून शाहीस्नाने श्रावण-भाद्रपदात येतात. त्या दिवसांत गंगापूर धरणातून पाणी सोडले, की गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर पाणी किती चढले यावर नाशिककर पूर मोजतात. पर्वणी सोडून मधला एखादा साधा वार निवडावा. विधी तोच होतो.

आजींना विसराळूपणा असेल तर त्यांच्या कमरेच्या पिशवीत चिठ्ठी हवी. तिच्यावर नाव, गाव, दोन फोन नंबर, आजार आणि गोळ्यांची नावे. हीच चिठ्ठी बेशुद्ध माणसाच्या खिशात सापडली तर डॉक्टरांचा अर्धा तास वाचतो. गाडीत त्रास झाला तर १३९ वर फोन केला की पुढच्या स्टेशनावर डॉक्टर बोलावता येतो. नाशिकमध्ये त्र्यंबक नाक्याजवळ जिल्हा रुग्णालय आहे.

परत आल्यावर बहुतेक लोक यात्रा विसरतात, आजार मात्र उशिरा येतो. जुलाब दोन-तीन दिवसांत दिसतात, पण विषमज्वर एक ते तीन आठवड्यांनी, लेप्टोस्पायरोसिस सहसा एक-दोन आठवड्यांनी आणि कावीळ अ किंवा ई तर महिनाभरानेही येते. तेव्हा ताप आला की घरातले म्हणतात, हवा बदलली. चांदूरच्या दवाखान्यात तपासायला गेल्यावर केव्हापासून ताप आहे, हे सांगतानाच अमुक तारखेला नाशिकला नदीत स्नान केले होते, एवढेही सांगावे. कोणती रक्ततपासणी करायची ते त्या एका वाक्यावरून ठरते.