पैठणी घेताना, नेसून झाल्यावर

लग्नासाठी पैठणी घ्यायला येवल्यात गेलात, की दुकानदार आधी पदर पसरतो. तो उलटा करून पाहा. हातमागाच्या पदरावरचे मोर-पोपट मागूनही तितकेच रेखीव दिसतात. कारण प्रत्येक रंगाचा धागा नक्षीपुरताच फिरवून शेजारच्या धाग्यात अडकवलेला असतो. पाठीमागे कापलेले किंवा लोंबते धागे दिसले, तर ती बहुधा यंत्रमागाची. घ्यायला हरकत नाही, पण हातमागाचे पैसे मोजू नका. ‘सिल्क मार्क’ असला म्हणजे झालं, असंही नाही. तो रेशीम शुद्ध असल्याची खात्री देतो, हातमागाची नव्हे. त्यासाठी ‘हँडलूम मार्क’ वेगळा असतो. जर चांदीची की ‘टेस्टेड’ (म्हणजे तांब्याच्या तारेची), हे बिलावर लिहून घ्या. दुकानदार कुरकुरला तरी घ्याच!

अत्तर, स्प्रे जे काही असेल ते साडी नेसण्याआधी. जरीवर उडालं तर ती काळवंडते. कार्यानंतर पैठणी घामासकट कपाटात कोंबू नका, सावलीत वाऱ्यावर टाका. हळदीचा डाग घरी चोळत बसण्यापेक्षा ड्रायक्लीनला द्या आणि डाग कशाचा ते सांगा. मग जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवा. प्लास्टिकची पिशवी नको, हँगर नको, डांबरगोळ्या जरीला लागायला नकोत. तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर साडी घडीवरच विरते.