दुखतंय ते दाढ की जबड्याचा स्नायू?

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत आपण हिमोग्लोबिन, बीपी, शुगर यांवर खूप बोललो. जबडा मात्र राहूनच गेला. सकाळी उठल्यावर गाल जड वाटतात, कानशील ठणकतं, भाकरी चावताना कानापाशी कट्‌कन आवाज येतो, असं सांगणाऱ्या बऱ्याच जणी भेटतात. मग दाढच किडली असणार असं धरून आपण लवंग लावतो, गोळी घेतो. कुणी कुणी दाढ काढूनही टाकते, आणि दुखणं तिथंच! कारण जबड्याचा स्नायू दुखत असला तरी ते दुखणं दाढेतलं वाटू शकतं.

आता वाचता वाचताच करून बघा. दोन्ही हातांची बोटं गालावर, कानाच्या पाळीच्या थोडं पुढे आणि खाली ठेवा. मागच्या दाढा घट्ट आवळा. बोटाखाली टणक गोळा वर आला ना? तो चावण्याचा मुख्य स्नायू. आता बोटं कानशिलावर ठेवून परत आवळा. तिथंही दुसरा स्नायू फुगतो. म्हणूनच दाढा आवळून राहिलं की डोकंही दुखतं.

आपल्या बोटांना जे कळतं, ते आकड्यात दाखवणारं यंत्र आहे. त्या तपासणीला ईएमजी म्हणतात. स्नायू काम करतो तेव्हा त्यात अगदी बारीक वीज तयार होते. ती मायक्रोव्होल्टमध्ये मोजतात. एका व्होल्टचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रोव्होल्ट. ईसीजी काढताना छातीवर चिकटवतात तशा छोट्या चकत्या गालावर आणि कानशिलावर लावतात. जबड्याच्या या तपासणीत सहसा सुई टोचत नाहीत, शॉकही बसत नाही. यंत्र वीज देत नाही, आपल्या स्नायूतली वीज फक्त टिपतं.

आधी निवांत बसायला सांगतात. मग मागच्या दाढांमध्ये कापसाच्या गुंडाळ्या ठेवून काही सेकंद जोरात आवळायला लावतात. नंतर कापूस काढून परत. कधी काही चावायलाही देतात. निवांत बसल्यावर रेघ जवळजवळ सपाट हवी. डावी-उजवी बाजू साधारण सारखी हवी. तसं नसेल तर डॉक्टर पुढे शोध घेतात.

पण एक लक्षात ठेवा. चकती थोडी सरकली किंवा गाल जाड असला, तरी आकडा बदलतो. म्हणून नुसत्या आकड्यावर आजार ठरत नाही. डॉक्टरांनी हाताने दाबून बघणं आणि नीट विचारपूस करणं हेच मुख्य. बऱ्याच जणींना या यंत्राची गरजही पडत नाही. कुणी महागडी तपासणी सांगितली, तर गटातून कर्ज उचलण्याआधी सरळ विचारा, "डॉक्टर, यानं माझ्या उपचारात काय बदलणार?" असं विचारणं हा आपला हक्क आहे.

घरी काय करायचं? ओठ मिटलेले, दाढा सुटलेल्या, ही जबड्याची आरामाची स्थिती. दाढांनी एकमेकींना टेकायचं ते चावताना आणि गिळताना. पण हंडा उचलताना, मोळी बांधताना, हप्त्याचा हिशोब डोक्यात घोळताना आपण नकळत दाढा आवळतो. आठवण झाली की सोडा. दाताने दोरा तोडू नका. दुखत असेल तर गालाला कोमट कपड्याचा शेक द्या, चार दिवस मऊ भात-वरण खा. तरी थांबलं नाही तर दाताच्या डॉक्टरांना दाखवा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं शासकीय दंत महाविद्यालयं आहेत.

आणि मिस्री, तंबाखू, सुपारी, गुटखा घेणाऱ्या ताई-मावशींनो, तुमच्यासाठी खास. तोंडात तीन बोटं उभी जात नसतील, पांढरा चट्टा दिसत असेल किंवा दोन आठवड्यांत तोंडातली जखम भरली नसेल, तर स्नायू आखडला म्हणून घरी बसू नका. कॅन्सरची सुरुवात अशीही असू शकते. आशाताईंना सांगा आणि लगेच तपासून घ्या.

पुढच्या बैठकीत बचत जमा झाली की पाच मिनिटं काढा. प्रत्येकीने गालाला बोट लावून बघा, तीन बोटांची तपासणी करा. जिला अडचण दिसेल, तिच्यासोबत दवाखान्यात कोण जाणार, तेही तिथंच ठरवा.