माळावरील कंद (लेखांक सातवा) : केशराची फिर्याद

दीपकाडी या माळकंदाच्या जातींचा निवाडा या अंकी करावा असे ठरले होते. परंतु म्हसवडकडील एका वाचकबंधूंचे पत्र आणि त्यासोबत बियांची एक पुडी हाती आली, आणि पेरणीचे दिवस तोंडावर असल्यामुळे दीपकाडीचे प्रकरण आठवडाभर तहकूब ठेवणे भाग पडले. वाचकबंधूंचे म्हणणे थोडक्यात असे की, ‘अमेरिकन केशर’ या नावाने हे बी त्यांनी बाजारात भारी दराने घेतले असून हस्ताचा पाऊस समाधानकारक झाल्यामुळे ते पेरण्याचा त्यांचा मनोदय आहे. केशरही शरदात फुलणाऱ्या कंदांपैकीच, तेव्हा त्याच्या लागवडीची रीत या लेखमालेत तपशीलवार द्यावी.

पुडी उघडली तो आतले बी पांढरे, टणक, गुळगुळीत, एका टोकाशी निमुळते आणि अंगावर चार बोथट कडा असलेले. माणदेशात ज्याने एकदा तरी रब्बीची पेरणी पाहिली आहे त्याला हे बी ओळखण्यासाठी भिंगाची गरज नाही. गुरांनी शाळवात शिरू नये म्हणून आपण शेताच्या कडेने जिच्या काटेरी ओळी धरतो, ती ही करडई. फरक असलाच तर इतका, की या वाणाला काटे कमी आणि फुले तांबडी येत असावीत. तांबड्या करडईच्या पाकळ्यांपासून पूर्वी कुसुंबी रंग काढीत, आणि केशरात भेसळ करण्यासाठीही त्या फार दिवसांपासून वापरल्या जातात. सुकलेली काडी कोमट पाण्यात टाकून भिंगाखाली धरावी: खऱ्या केशराचा तंतू एका टोकाला कर्ण्यासारखा रुंदावत जातो, त्यातून पिवळा रंग सावकाश उतरतो आणि तंतू स्वतः तांबडाच राहतो, करडईची पाकळी ही बारीक नळी असून तिच्या टोकाला पाच चिरा दिसतात. वाचकबंधूंनी बी अवश्य पेरावे. तेल निघेल, केशर निघणार नाही.

ही फसवणूक ओळखण्यास फूल येईपर्यंत थांबण्याचेही कारण नाही, कारण केशराला बीच धरत नाही. ज्या प्राण्याला वा वनस्पतीला गुणसूत्रांचे दोन संच असतात त्यांची जोडी जुळते आणि वंश पुढे चालतो. केशराला आठ-आठांचे तीन संच, म्हणजे एकूण २४ गुणसूत्रे असल्यामुळे ती जुळणी बिघडते आणि फूल वांझ राहते. म्हणून काश्मीरातील पांपोरच्या शेतांत काय किंवा स्पेन-इराणात काय, केशराचा विस्तार शतकानुशतके केवळ गड्ड्यांवरून, माणसाच्या हातून झालेला आहे. जो कोणी केशराचे ‘बी’ विकतो, त्याच्या विरुद्ध एवढा एकच पुरावा पुरेसा आहे.

आता गड्डा आणि कांदा यांतील भेद. शरदातील लहान कंदांच्या ओळखीचा निम्मा कारभार या भेदावर चालतो. दीपकाडीचा किंवा कोळकांद्याचा कंद आडवा कापला तर स्वयंपाकघरातील कांद्याप्रमाणे एकात एक पापुद्रे दिसतात. केशराचा गड्डा कापला तर आत पापुद्रा नाही, सुरणासारखा भरीव गर आणि बाहेर तेवढे सुके तंतुमय आवरण. हा गड्डा दरवर्षी मरतो आणि त्याच्या माथ्यावर नवे गड्डे धरतात. पुढील वर्षाचे फूल उन्हाळ्यातच, जमिनीखाली, २३ ते २७ अंश उष्णतेत आकार घेते. ते बाहेर पडण्यासाठी मात्र शरदात हवा सुमारे १७ अंशांवर उतरावी लागते. त्यानंतर थंडीभर पाने वाढतात आणि त्या पानांच्या कमाईवर नवा गड्डा पोसला जातो. म्हणजे काश्मीरहून आणलेला जाडजूड गड्डा गार खोलीत टेबलावर ठेवला तरी एकदा फुलेल, कारण तो मागील सालची शिल्लक खर्च करीत असतो. ते पाहून हुरळून जाणाऱ्याची खरी परीक्षा दुसऱ्या वर्षी असते. माणच्या आश्विनात दुपारचे ऊन अंग भाजते, हिवाळा कोरडा व आखूड असतो आणि फाल्गुनातच उन्हाळा सुरू होतो; तेव्हा उघड्या रानात नव्या गड्ड्याला पोसले जाण्यास मुदतच पुरत नाही. खोली थंड ठेवून, दिवे लावून पुण्याकडे काही हौशी मंडळींनी हे पीक घेतले आहे. परंतु एक किलो केशराला सुमारे दीड लाख फुले लागतात, हा हिशोब आधी मांडावा आणि मग विजेचे बिल पाहावे.

केशराच्या नावाने आणखी एक जोखीम आहे. युरोपात शरदात जमिनीतून थेट, पानांशिवाय, जांभळट फुले काढणारी कोल्चिकम नावाची एक वनस्पती आहे आणि अनभिज्ञ माणसास ती हुबेहूब केशर भासते; तिच्या सर्वांगात कोल्चिसीन हे जालीम विष असते, जे वैद्यकात अल्प मात्रेने वातरक्तावर वापरतात. दोहोंची पारख अगदी सोपी आहे, पुंकेसर मोजावेत: केशराला तीन, कोल्चिकमला सहा.

इथपर्यंत आल्यावर वाचकांना वाटेल की काश्मीर आणि युरोप यांच्या या कज्जात माणचा माळ कोठे आला? तर तो असा, की कोल्चिकमचे सख्खे भाऊबंद आपल्याच ताब्यात आहेत. कुंपणावर चढणारी, पानाच्या शेंड्याने आधार पकडणारी, पिवळ्यातून तांबड्यात रंग पालटणारी कळलावी हे त्यांतले थोरले, आणि गवतात लपणारे भुईचक्र हे धाकटे. दोघांनाही सहा पुंकेसर; दोघांतही तेच कोल्चिसीन. भुईचक्र पाहण्यासाठी गुडघे टेकावे लागतात. वीतभर उंचीचा देठ, पाने इतकी अरुंद की फूल नसताना त्यांना गवतापासून निराळे काढता येत नाही, आणि माथ्यावर सहा चिंचोळ्या, गडद तांबूस-जांभळ्या पाकळ्या चाकाच्या आऱ्यांप्रमाणे पसरलेल्या. खाली केशरासारखाच आवरणात गुंडाळलेला भरीव गड्डा असतो. म्हणून गड्डा पाहून निकाल देऊ नये, पुंकेसर मोजल्यावरच द्यावा.

परंतु केशर आणि आपले माळकंद यांच्या दिनक्रमातील अंतर मूलगामी आहे. केशर गारव्याने जागे होते, आपले माळकंद पाण्याने. पाऊस श्रावणात आला तर श्रावणात, परतीचाच आला तर आश्विनात, असा त्यांचा शिरस्ता, आणि ज्या तालुक्यात आषाढ बहुधा कोरडाच जातो आणि भरवसा ठेवायचा तो परतीच्या पावसावर, त्या तालुक्यास हाच शिरस्ता मानवतो. ज्यांना अंगणात शरदाची फुले हवी असतील त्यांनी रोपवाटिकेतून पांढऱ्या रेन लिलीचे कांदे आणावेत. मूळची ती दक्षिण अमेरिकेची, पण तिची वागणूक माणच्या माळकंदासारखीच. कुंडीत निम्मा मुरूम, निम्मी माती घालावी, तळाशी पाणी तुंबू देऊ नये, भाद्रपदात काही आठवडे पाणी तोडावे आणि मग एकदा भरपूर द्यावे. बहुधा थोड्याच दिवसांत कळ्या वर येतात. कांदे खाण्याच्या कांद्यांशेजारी मात्र ठेवू नयेत, तेही विषारी आहेत.

दीपकाडी पुढील आठवड्यास घेऊ. तोवर ज्यांना तिचे नमुने पाठवावयाचे असतील त्यांनी कंद उपटू नये: फुलाचा एक तुरा आणि एक पान वर्तमानपत्रात दाबून सुकवावे, बाहेरच्या तीन व आतल्या तीन पाकळ्यांची लांबी ताज्या फुलावरच मोजून चिठ्ठीत नोंदवावी, आणि गाव व जमिनीचा प्रकार लिहिण्यास विसरू नये.