उशिरा पोचलेल्या प्रकाशाचा हिशेब

नागपुरात विद्यापीठाच्या आणि व्हीएनआयटीच्या गणित विभागांत आइन्स्टाइनची समीकरणे सोडवून प्रसरणशील विश्वाची प्रतिरूपे रचण्याचे काम वर्षानुवर्षे चालत आले आहे. कागदावर अशी प्रतिरूपे हवी तितकी रचता येतात. त्यांतले खरे कोणते, हे मात्र आकाशालाच विचारावे लागते. ते विचारण्याची एक रीत म्हणजे गुरुत्वीय भिंग.

दूरचा क्वेसार (एखाद्या दीर्घिकेचा अतितेजस्वी गाभा) आणि आपण यांच्यामध्ये एखादी जड दीर्घिका आली, की तिच्या गुरुत्वाने प्रकाश वळतो आणि एकाच क्वेसारच्या दोन किंवा चार प्रतिमा दिसतात. अशी पहिली जोडी १९७९ मध्ये सापडली. झिरो माइलहून मुंबईला एकाच वेळी निघालेल्या दोन गाड्या, एक समृद्धीने आणि दुसरी अमरावती-अकोल्यावरून, वेगवेगळ्या वेळी पोचतात; या किरणांचेही तेच. क्वेसार मध्येच उजळला तर एक प्रतिमा आधी उजळते, दुसरी मागाहून. त्या पहिल्या जोडीत हा उशीर तब्बल ४१७ दिवसांचा निघाला!

हा उशीर आणि भिंगाचे वस्तुमान कळले, तर विश्वाच्या प्रसरणाचा वेग, म्हणजे हबल स्थिरांक, थेट काढता येतो, हे नॉर्वेच्या रेफ्सडाल यांनी १९६४ मध्येच, म्हणजे असे एकही भिंग सापडण्याआधी, दाखवले होते. त्यांच्याच नावाचा अतिनवतारा २०१४ मध्ये एका दीर्घिकासमूहामागे चार प्रतिमांत दिसला. आणखी एक प्रतिमा पुढे उगवेल, असे भाकीत अभ्यासकांनी केले आणि डिसेंबर २०१५ मध्ये ती खरोखरच उगवली. माझ्या मते या क्षेत्रातला याहून देखणा पुरावा नाही.

आपल्याकडेही हे काम होते. लडाखमधल्या हानले येथील हिमालयन चंद्रा दुर्बिणीने असे उशीर मोजायला हातभार लावला आहे. पुण्याच्या आयुकातील अनुप्रीता मोरे ‘स्पेस वॉर्प्स’ या उपक्रमाच्या प्रमुखांपैकी एक. त्यात हजारो हौशी मंडळींनी घरबसल्या दुर्बिणींची छायाचित्रे चाळून नवी भिंगे हुडकली.

खरा पेच आकड्यांचा आहे. विश्वाच्या बालपणीच्या सूक्ष्मलहरी प्रारणावरून प्लांक उपग्रहाने काढलेला वेग ६७.४ किलोमीटर प्रतिसेकंद प्रतिमेगापार्सेक (एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षे). सहा भिंगांवरून एका गटाने तो ७३.३ काढला, तेव्हा ‘विश्वाचे गणित चुकले’ अशी हाकाटी झाली. पण भिंग ठरलेल्या दीर्घिकेत अदृश्य पदार्थ नेमका कसा पसरला आहे, याबद्दलची गृहीतके २०२० मध्ये सैल करून पाहिली, तर त्रुटी-मर्यादा इतकी वाढली, की त्यात दोन्ही आकडे सामावले. उशीर दिवसांच्या हिशेबात बिनचूक मोजता येतो, दीर्घिकेचे वजन तितके नेमके करता येत नाही. ते वजन पक्के होईपर्यंत ६७ की ७३, याचा निवाडा भिंगांच्या भरवशावर देणे घाईचे ठरेल.